बालकांची स्थूलता : प्रतिबंधाचे कार्य गावातूनच

बालकांचे आरोग्य म्हटले की कुपोषणाचा, म्हणजे मुलांच्या खुरटलेपणाचा विचार प्रथम मनात येतो. तो अनाठायी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातील पाच वर्षांखालील सुमारे एक चतुर्थांश बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. त्याच पाहणीत या वयोगटातील अतिवजनाचे प्रमाण शेकडा तिनांहून कमी होते. परंतु राज्यातील प्रौढ स्त्रियांपैकी शेकडा सुमारे ३६ व पुरुषांपैकी शेकडा सुमारे ३२ अतिवजनाच्या होत्या. अर्थात पाळण्यातील वय आणि प्रौढपण यांमधील काळातच हे वजन चढते. आहाराच्या व हालचालीच्या सवयी शाळेच्या वयात जडतात, म्हणून प्रतिबंधाचा खरा काळ तोच होय.

स्थूलता ही श्रीमंतीची खूण नव्हे

स्थूल मूल म्हणजे खात्यापित्या घरचे मूल, ही समजूत आता टाकून दिली पाहिजे. पोट भरणारे परंतु सत्त्वहीन अन्न आज सर्वांत स्वस्त व सहज मिळते. मोलमजुरीला लवकर बाहेर पडणाऱ्या मातेला बिस्किटांचा पुडा किंवा तळलेल्या वेफर्सची पिशवी मुलाच्या हाती देणे सोपे वाटते. यात तिचा दोष नाही. वेळ आणि पैसा दोहोंची टंचाई हे त्यामागील कारण आहे. अशा आहारात साखर, मीठ व तेल विपुल असते, प्रथिने व लोह मात्र अल्प. त्यामुळे एकाच घरात एक मूल अशक्त व दुसरे स्थूल, इतकेच नव्हे तर स्थूल मूलच रक्तक्षयी, असेही दिसू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार वरून घातलेल्या साखरेचा वाटा दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी, शक्यतो ५ टक्क्यांच्या आत असावा. दिवसाला १,६०० उष्मांक लागणाऱ्या मुलासाठी हे प्रमाण अनुक्रमे ४० व २० ग्रॅम होते. गोड शीतपेयाच्या २५० मिलिलिटरच्या एका बाटलीतच सुमारे २६ ग्रॅम साखर असते.

मापन कसे करावे

किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता शरीरवस्तुमान निर्देशांक मिळतो. १० वर्षांच्या मुलाची उंची १.४० मीटर व वजन ४५ किलो असल्यास निर्देशांक सुमारे २३ येतो. प्रौढ माणसात हा आकडा फारसा चिंतेचा मानला जात नाही. १० वर्षांच्या मुलात मात्र तो स्थूलता दर्शवितो. म्हणून बालकांसाठी वय व लिंग यांनुसार केलेले तक्तेच वापरावेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमान्वये होणाऱ्या तपासणीशी या नोंदी जोडता येतात. मापन एकांतात करावे. वर्गासमोर मुलाचे वजन मोठ्याने उच्चारल्यास ते लज्जित होते व शाळाच टाळू लागते.

स्वयंसेवी सहकार्याचे स्वरूप

फ्रान्समधील फ्लरबे व लावांती या दोन छोट्या गावांत १९९२ पासून शाळा, डॉक्टर, नगरसभा व संस्था यांनी एकत्र येऊन आहारशिक्षण चालविले. २००४ मध्ये तेथील मुलांतील अतिवजन शेकडा ९ च्या आत होते. तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या गावांत ते शेकडा १८ च्या जवळ होते. हे यश कोणा एका खात्याचे वा संस्थेचे नव्हते, तर सर्वांच्या सहकार्याचे होते.

पेडणे व डिचोली तालुक्यांत अशा सहकार्याचे घटक हाताशी आहेत. १९६१ च्या मुक्तीनंतर गावोगाव प्राथमिक शाळा उघडल्या. अंगणवाड्या आहेत, आरोग्य केंद्रे आहेत. गोव्यातील मध्यान्ह आहार बहुतांशी महिला स्वयंसहाय्य गट पुरवितात. प्राथमिक वर्गांसाठी या आहाराचे प्रमाण ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने असे ठरलेले आहे. पाव-भाजीच्या जोडीला अळसांदे, मूग, तांबडी भाजी व नाचणीचे पदार्थ अधिक वेळा देता आले, तर खर्च फारसा न वाढता आहाराचा कस वाढेल. शाळेच्या परसबागेतील भाजीही त्यास हातभार लावील. पेज, खतखते, कुळथाचे सार हे आपल्या आजीचे अन्न कमी प्रतीचे नव्हे, हे मुलांना पटविणे हे शिक्षकांचे काम आहे.

कामाची वाटणी अशी असावी : शिक्षकांनी दररोज खेळासाठी वेळ राखावा. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल आवश्यक असते. वाहनाने शाळेत येणाऱ्या मुलांना खो-खो, लगोरी, कबड्डी यांची गरज अधिकच. पंचायतीने खेळाचे मैदान मोकळे राखावे. २०२० च्या अन्नसुरक्षा विनियमांनुसार शाळेच्या आवारात व फाटकापासून ५० मीटरांच्या आत अतिसाखर, अतिमीठ व अतिस्निग्ध पदार्थांची विक्री करण्यास मनाई आहे; तिच्या पालनाकडे पालक-शिक्षक संघाने लक्ष द्यावे. स्वयंसेवी संस्थेने मातांच्या बैठका, पाककृतींची प्रात्यक्षिके व स्वयंपाकिणींचे प्रशिक्षण ही कामे अंगावर घ्यावीत.

संस्था निवडताना एक पथ्य अवश्य पाळावे. गोड पेये वा पाकीटबंद खाऊ विकणाऱ्यांच्या पैशावर चाललेला आरोग्याचा पाठ मुलांच्या हिताचा राहीलच असे नाही. म्हणून निधी कोठून येतो, हे ग्रामसभेपुढे मांडले जावे. तसेच संस्थेची मुदत संपल्यावर काम कोण चालविणार, हेही प्रारंभीच ठरवावे. अन्यथा फलक उरतो आणि कार्य थांबते.

मुलास उपाशी ठेवणे, चिडविणे अथवा औषधांनी वजन उतरविणे हे उपाय नव्हेत. वाढत्या वयात वजन स्थिर ठेवून उंची वाढू दिली, तरी पुष्कळ मुलांचे प्रमाण सुधारते. शंका असल्यास आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. प्रतिबंधास फार मोठा खर्च लागत नाही. नियमित मापन, कसदार जेवण आणि खेळते मैदान एवढे प्रत्येक गावाने दिले, तर उद्याचा मधुमेह व हृदयविकार यांचा भार पुष्कळसा हलका होईल.