लागू नसलेला मजकूर : सी प्रोग्रामातील सशर्त संकलन

वाळूज औद्योगिक क्षेत्रात १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि हा परिसर दुचाकी व तीनचाकी वाहनांसाठी ओळखला जाऊ लागला. आजच्या वाहनांत इंजिनाचा कारभार इलेक्ट्रॉनिक नियंत्रक पाहतो व त्याचा प्रोग्राम बहुधा सी भाषेत असतो. देशातील निकष निराळे, निर्यातीचे निराळे; पण प्रत्येक मॉडेलसाठी स्वतंत्र प्रोग्राम लिहिणे परवडणारे नसते. येथे सशर्त संकलन उपयोगी पडते.

शासकीय नमुन्यावर ‘लागू नसलेला मजकूर खोडावा’ अशी सूचना असते, तसाच हा प्रकार होय. अट पूर्ण होत नसल्यास ‘इफडेफ’ व ‘एंडिफ’ यांमधील मजकूर कंपायलरपुढे जाण्यापूर्वीच गाळला जातो. धोकाही येथेच आहे. गाळलेला भाग तपासलाच जात नाही. त्यातील चूक वर्षानुवर्षे दडून राहते आणि नेमके ते मॉडेल हाती घेतल्यावर उघडकीस येते. परस्परांपासून स्वतंत्र अशा दहा अटी असल्या, तर प्रोग्रामची १,०२४ रूपे संभवतात. ती सर्व तपासणार कोण?

म्हणून अटी फंक्शनच्या पोटात विखरू देऊ नयेत. त्या हेडर फाईलमध्ये एकत्र ठेवाव्यात आणि सुविधा नसेल तेथे त्याच नावाचे रिकामे फंक्शन द्यावे. लिनक्स कर्नलच्या लेखन-नियमांचाही हाच आग्रह आहे. मोठ्या भागाच्या ‘एंडिफ’पुढे अटीचे नाव टिपावे, असेही ते सांगतात. शक्य तेथे साधे ‘इफ’ अधिक बरे. नको असलेला भाग कंपायलर वगळतोच, परंतु त्यापूर्वी तो तपासून घेतो.