महामारीच्या काळातील नदी आणि नावाडी

साथीचे रोग आणि जलमार्ग यांचा संबंध फार जुना आहे. आगगाडी आणि विमान यांचा शोध लागण्यापूर्वी माणसे व माल ज्या वाटेने दूरदेशी जात, त्याच पाण्याच्या वाटेने रोगही जात असे. म्हणूनच रोगाला अडविण्याचे पहिले संघटित प्रयत्न बंदरांत झालेले दिसतात. एड्रियाटिक समुद्राच्या काठावरील रागुझा या नगराने, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकने, १३७७ मध्ये प्लेगग्रस्त प्रदेशातून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळे ठेवण्याचा नियम केला. पुढे ही मुदत चाळीस दिवसांची झाली, आणि ‘क्वारंटाइन’ हा शब्द इटालियन भाषेतील ‘चाळीस’ या संख्येवरूनच रूढ झाला.

महाराष्ट्रालाही या नात्याचा अनुभव आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचे निदान झाले, ते गोदीलगतच्या मांडवी भागात. त्यानंतर काही महिन्यांतच, १८९७ च्या फेब्रुवारीत, साथरोग अधिनियम संमत झाला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्यात बंदरात येणाऱ्या व तेथून निघणाऱ्या जहाजांची तपासणी करण्याची तरतूद होती. मार्च २०२० मध्ये कोविड-१९ची साथ भारतात पसरू लागली, तेव्हा राज्याराज्यांनी आधार घेतला तो याच सव्वाशे वर्षांच्या जुन्या कायद्याचा.

परंतु जहाजे म्हणजे सगळी जलवाहतूक नव्हे. ज्या होड्या कोणत्याही बंदरात नोंदविल्या जात नाहीत, वल्ह्याच्या बळावर एका काठाहून दुसऱ्या काठाला जातात, त्या होड्यांचे व त्यांवर पोट भरणाऱ्या माणसांचे महामारीत काय होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या दिल्लीचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

दिल्लीची यमुना

आजच्या दिल्लीकडे पाहून हे शहर एके काळी होड्यांवर विसंबून होते, हे खरे वाटत नाही. १८६० च्या दशकात यमुनेवर लोखंडी रेल्वेपूल उभा राहण्यापूर्वी नदी ओलांडण्यासाठी होड्यांचा पूल होता. ११ मे १८५७ रोजी मीरतहून निघालेले शिपाई दिल्लीत शिरले ते याच पुलावरून. रेल्वेपूल झाला, मागून रस्त्यांचे पूल झाले, आणि नावाड्याचे महत्त्व हळूहळू ओसरले. तथापि तो नाहीसा झाला नाही.

यमुना पल्ला गावाजवळ दिल्लीत प्रवेश करते. वजीराबादचा बंधारा ते ओखल्याचा बंधारा हे तिचे अंतर सुमारे २२ किलोमीटर, म्हणजे नदीच्या १,३७६ किलोमीटर लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी. परंतु याच टापूत नजफगढसह बावीस नाले नदीला मिळतात आणि तिच्या एकूण प्रदूषणाचा फार मोठा भाग येथेच निर्माण होतो. अशा पाण्यावरही मल्लाह, केवट, निषाद या समाजांतील कुटुंबे आपला निर्वाह करीत आली आहेत. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे कुरव पक्षी पाहण्यासाठी यमुना बाजारच्या घाटांवर माणसांची गर्दी होते. निगमबोध घाटावर अस्थिविसर्जनासाठी आलेल्यांना प्रवाहाच्या मध्यापर्यंत नेणे, छठपूजेच्या दिवसांत भाविकांची ने-आण करणे, खादरात म्हणजे नदीच्या पूरमैदानात शेती करणाऱ्यांना पलीकडे पोहोचविणे, पाण्यात पडलेल्या माणसाला वाचविणे किंवा बुडालेल्याचा शोध घेणे, अशी या माणसांची कामे. यांतील एकही काम घरात बसून होण्यासारखे नाही, हे लक्षात घ्यावयास हवे.

टाळेबंदी आणि घाट

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि नावाड्याच्या उत्पन्नाचे सर्व मार्ग एकाच दिवशी बंद झाले. स्मशानातील अंत्यविधी चालू राहिले. परंतु प्रवास बंद असल्यामुळे अस्थी घेऊन हरिद्वारला जाणे नातलगांना अशक्य झाले व निगमबोध घाटावर अस्थिकलश साचून राहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात नदीकाठी आणि सार्वजनिक ठिकाणी छठपूजा करण्यास दिल्लीत मनाई झाली. २०२१ मध्ये पूजेला ठरावीक ठिकाणी परवानगी मिळाली. मात्र यमुनेचा काठ त्यातून वगळण्यात आला. रोगप्रसार रोखण्याच्या दृष्टीने या निर्बंधांना सबळ कारण होते, यात शंका नाही. प्रश्न निर्बंध योग्य होते की अयोग्य हा नसून, त्यांचा भार कोणी वाहिला हा आहे.

होडीच्या व्यवसायाची घडणही येथे आड येते. लहान होडीत माणसे गुडघ्याला गुडघा लावून बसतात. अंतर राखावयाचे तर निम्मी माणसे कमी करावी लागतात, पण वल्हे मारण्याचे श्रम मात्र निम्मे होत नाहीत. शिवाय लाकडी होडी ही कुलूप लावून ठेवता येईल अशी वस्तू नाही. ती काठावर ओढून ठेवली तर फळ्या सुकून सांधे उघडतात, आणि पाण्यातच राहू दिली तर लाकूड कुजू लागते. त्यामुळे काही महिन्यांच्या खंडानंतर काम पुन्हा सुरू करताना नावाड्याला कमाईच्या आधी दुरुस्तीचाच खर्च उभा करावा लागतो.

पाणी का निवळले?

याच आठवड्यांत दिल्लीकरांना एक नवल दिसले. एरवी काळी असणारी यमुना निळसर दिसू लागली. दिल्ली प्रदूषण नियंत्रण समितीने एप्रिल २०२० मध्ये घेतलेल्या नमुन्यांनीही हा बदल दाखविला. निझामुद्दीन पुलापाशी पाण्यातील जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजविण्यासाठी लागणारा प्राणवायू, लिटरला ५.६ मिलिग्रॅम भरली. आदल्या वर्षी ती ५७ होती. जेथे २०१९ मध्ये विरघळलेला प्राणवायू मुळीच नव्हता, तेथे तो २.४ मिलिग्रॅम आढळला.

कारखाने बंद पडले म्हणून नदी शुद्ध झाली, असा निष्कर्ष तेव्हा अनेकांनी काढला. तो अर्धाच खरा होता. कारखान्यांचे सांडपाणी थांबले. परंतु दिल्लीच्या घरांतून येणारे मैलापाणी एक दिवसही थांबले नव्हते. दुसरे कारण अधिक बोलके आहे. अधिकृत अहवालानुसार वजीराबादच्या बंधाऱ्यातून एप्रिल २०१९ मध्ये सरासरी १,००० क्युसेक पाणी सोडले गेले होते, तर एप्रिल २०२० मध्ये ३,९०० क्युसेक. नदीला तिचे स्वतःचे पाणी मिळाले, आणि त्या पाण्याने घाण विरळ केली. असे असूनही स्नानयोग्य पाण्याचा निकष, म्हणजे ऑक्सिजन मागणी ३ मिलिग्रॅम किंवा कमी आणि विरघळलेला प्राणवायू ५ किंवा अधिक, निझामुद्दीनपाशी पूर्ण झाला नव्हताच. पुढे ओखल्याजवळ कालिंदी कुंज येथे नदीवर पांढरा फेस पुन्हा दिसू लागला. आणि हे लक्षणीय आहे की, नदी जेव्हा होडी चालविण्यास सर्वांत योग्य झाली, तेव्हाच तिच्यावर होडी चालविण्यास मनाई होती.

मदतीची वाट

संकटात शासनाची मदत कोणत्या वाटेने जाते, हे पाहिले म्हणजे नावाड्याची खरी अडचण कळते. इंग्लंड व वेल्समधील कालव्यांवर अनेक माणसे होडीतच घर करून राहतात. ज्यांना कायमचा धक्का नाही, त्यांनी साधारणतः चौदा दिवसांहून अधिक काळ एका जागी थांबू नये, असा तेथील नियम आहे. मार्च २०२० मध्ये कालव्यांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने हा नियम स्थगित केला आणि लोकांना आहे तेथेच राहावयास सांगितले. प्रत्येक होडीला परवाना होता, म्हणूनच तिच्यासाठी नियम शिथिल करता आला.

भारतातही असेच घडले. येथील अंतर्देशीय जलमार्गांचे प्राधिकरण १९८६ मध्ये स्थापन झाले. त्याचे मुख्यालय दिल्लीलगत नोएडा येथे आहे. २०१६ च्या कायद्याने जे १११ राष्ट्रीय जलमार्ग ठरले, त्यांत यमुनेचा क्रमांक ११०. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्र सरकारने जलमार्ग वापरण्याचे शुल्क तीन वर्षांसाठी माफ केले. ही सवलत मालवाहू व प्रवासी जहाजांच्या उपयोगाची होती. वल्ह्याच्या होडीला तिचा लाभ होण्यासारखा नव्हता. दिल्ली सरकारने रिक्षा, टॅक्सी आदी प्रवासी वाहनांच्या चालकांना प्रत्येकी ५,००० रुपये दिले. चालकाजवळ बिल्ला होता, वाहनाला क्रमांक होता. त्यामुळे पैसे पाठवावयाचे कोणाला, हे ठरविणे सोपे झाले. माणसांना पलीकडे नेणारा नावाडीही प्रवासी वाहतूकच करीत होता. परंतु ही योजना रस्त्यावरील वाहनांची होती. नदी तिच्या व्याख्येत येत नव्हती. अन्नछत्रे आणि मोफत धान्य यांसारखी सर्वांसाठी असलेली मदत त्याला घेता येत होती. मात्र ती गरीब म्हणून, नावाडी म्हणून नव्हे.

नोंद कशासाठी?

२०२१ मध्ये संसदेने अंतर्देशीय जहाजांविषयी नवा कायदा केला आणि १९१७ चा जुना कायदा मागे पडला. यंत्राविना चालणाऱ्या होड्यांची नोंद स्थानिक पातळीवर, अगदी गावपातळीपर्यंत, करण्याची कल्पना या कायद्यात आहे. नोंदणी म्हटली की कर, दंड आणि हेलपाटे यांचीच आठवण होते, आणि ती निराधार नाही. परंतु महामारीने नोंदीची दुसरी बाजूही दाखविली: ज्याचे नाव वहीत नसते, त्याचे नुकसानही वहीत येत नाही.

१३ जुलै २०२३ रोजी यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली व १९७८ चा २०७.४९ मीटरचा उच्चांक मोडला. सखल वस्त्यांत पाणी शिरले आणि रस्त्यांवर होड्या आल्या. मार्च २०२५ मध्ये सोनिया विहार ते जगतपूर या सुमारे चार किलोमीटरच्या टापूत पर्यटनाच्या नौका चालविण्यासाठी जलमार्ग प्राधिकरण आणि दिल्लीतील संबंधित संस्था यांच्यात करार झाला. अशा योजनेत धक्के, नौका आणि पाण्याची खोली यांचा हिशेब आधी होतो. तेवढ्याच काळजीने काठावरील नावाड्यांची यादीही करणे अवघड नाही. नदीची व्यवस्था म्हणजे केवळ पाण्याची मोजदाद नव्हे. पाण्यावर कोण जगते याचीही मोजदाद तीत असावयास हवी. आणि ही यादी संकट येण्यापूर्वी करून ठेवावयाची असते. संकटात ती केवळ वाचावयाची असते.