चोर सोडून संन्याशाला फाशी

पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीच्या फाटकापाशी बुचाचं झाड आहे. पाऊस ओसरला की ते फुलतं. लांब नळीची पांढरी फुलं रात्रभर टपटपत राहतात आणि सकाळी स्कूटरींच्या सीटवर त्यांचा सडा दिसतो. वास तर दुसऱ्या मजल्यापर्यंत. त्याच दिवसांत पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना शिंकांचं सत्र लागायचं. एका दमात पंधरा-वीस शिंका, चोळून चोळून लाल झालेले डोळे, टाळूला खाज आणि खिशात कायम दोन रुमाल. चार वर्षं सोसल्यावर त्यांनी निकाल लावला की हे सगळं बुचामुळे. सभेत विषय मांडला, सेक्रेटरींच्या मागे लागले. बुचाचं लाकूड ठिसूळ, वाऱ्यात मोडतं, हे कारण अर्जात लिहिलं, महापालिकेची परवानगी काढली आणि फांद्या उतरवून घेतल्या.

पुढच्या वर्षी शिंका वेळेवर हजर.

ते गृहस्थ म्हणजे प्रस्तुत लेखक. चूक कबूल करताना तृतीय पुरुष बरा पडतो, म्हणून पुढेही तोच ठेवला आहे.

बुचाचा दोष एवढाच की तो दिसतो आणि दरवळतो. ज्या झाडाला गंध आहे, मध आहे, ते किड्यांना बोलावतं. बुचाकडे तर रात्रीचे पतंग येतात. अशा फुलांचा पराग बहुधा जड आणि चिकट असतो, म्हणजे पाहुण्याच्या अंगाला लागून जाणारा. वाऱ्यावर तो फारसा जात नाही. उग्र वासाने एखाद्याचं नाक हुळहुळतं, नाही असं नाही, पण ती अ‍ॅलर्जी नव्हे. खरा उपद्रव ज्यांच्याकडे कुणी वळूनही बघत नाही अशा फुलांचा असतो. ती वाऱ्याच्या भरवशावर जगतात. वारा कुठे नेईल याचा नेम नाही, म्हणून माल भरमसाट उधळतात. सकाळी फुललेला गवताचा तुरा काळ्या छत्रीवर झटकून बघावा. पिठासारखी फिकट धूळ पडते. त्यातला एकेक कण २० ते ४० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीहून लहान. सोसायटीच्या मागे एक मोकळा प्लॉट आहे आणि ऑगस्टपासून तिथे कमरेएवढं गवत उभं असतं. अस्मादिकांच्या बेडरूमची खिडकी त्याच बाजूला उघडते. चार वर्षांत तिकडे संशयाची नजर गेली नाही.

हा चोर पहिल्यांदा पकडणारा माणूस स्वतःच शिंकणारा होता. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांच्या घरी मुलांनी फुलदाणीत गवताचे तुरे ठेवले होते. तुऱ्यांना धक्का लागला, पराग उडाला आणि डॉक्टरांना शिंकांचा झटका आला. तेव्हापासून त्यांनी स्वतःलाच प्रयोगशाळा केलं. पराग नाकात घेतला, डोळ्यात घातला, कातडीवर ओरखडा काढून त्यावर चोळला. हवेत वर किती पराग आहे हे बघायला चिकट काचपट्ट्या पतंगाला बांधून उडवल्या. १८७३ साली हे सगळं पुस्तकरूपाने आलं. ओल्या काडावर बुरशी वाढवून तिचे बीजाणूही त्यांनी हुंगले. तेव्हा मात्र घसा बसला, छाती भरली, आणि तो प्रयोग पुन्हा करायची त्यांची इच्छा उरली नाही.

योगायोग असा की त्याच १८७३ साली डी. डी. कनिंगहॅम यांचा कलकत्त्याच्या हवेवरचा अहवाल निघाला. तिथल्या तुरुंगांच्या आवारात त्यांनी हवेतले कण गोळा केले होते. बीजाणू आणि पराग ढिगाने सापडले. पण कनिंगहॅम कॉलरा आणि तापाचं मूळ शोधत होते. त्या रोगांशी या कणांचा संबंध लागेना, तेव्हा कण निर्दोष सुटले. शिंकांबद्दल त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

ब्लॅकलींनी जाणूनबुजून केलेला बुरशीचा प्रयोग अस्मादिकांनी अजाणता केला. नवरात्राच्या आधीची साफसफाई चालू होती. लोखंडी कपाट पुढे ओढलं तर मागच्या भिंतीवर हातभर रुंदीचा काळपट डाग. वरच्या मजल्याचा पाइप त्या भिंतीतून जातो आणि पावसाळाभर झिरपतो. तारेचा ब्रश घेतला, खिडकी लावून घेतली (धूळ बाहेरच्या खोलीत नको म्हणून!) आणि डाग कोरडाच खरवडला. ट्यूबलाइटच्या उजेडात काळसर धूर तरंगताना दिसत होता. तोंडाला रुमालसुद्धा नाही. संध्याकाळी कोरडा खोकला, रात्री एक वाजता छातीत शीळ वाजायला लागली. श्वास आत जाई, बाहेर येताना अडके. रिक्षाने जवळच्या दवाखान्यात नेलं, मास्क लावून वाफेतून औषध दिलं, तेव्हा कुठे पहाटे पाठ टेकता आली. "अहो, भिंत पुसायची होती, हुंगायची नव्हती," ही घरून आलेली प्रतिक्रिया. शास्त्रीयदृष्ट्या ती बिनचूक होती.

घरातल्या ओलीवर वाढणाऱ्या अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियम या बुरशींचे बीजाणू दोन ते पाच मायक्रॉनचे असतात. गवताचा अख्खा पराग नाकात अडकतो, फार तर डोळ्यांत जातो. हे बारके मात्र थेट छातीत उतरतात. अल्टरनेरियाचा बीजाणू मोठा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो निमुळत्या शेपटीच्या गदेसारखा दिसतो, आत आडव्याउभ्या भिंती, विटा रचल्यासारख्या. ही बुरशी वाळत्या पानांवर आणि पिकाच्या धसकटावर पोसते आणि दुपारच्या कोरड्या वाऱ्यावर स्वार होते. म्हणून पाऊस थांबला, ऊन पडलं की तिचे दिवस येतात. तिला हलकं समजू नये. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९१ साली दम्याने श्वास बंद पडण्यापर्यंत गेलेल्या ११ तरुण रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या १० जणांची अल्टरनेरियाची चाचणी पॉझिटिव्ह होती.

दवाखान्यातून सुटल्यावर तज्ज्ञ डॉक्टरांकडे जाणं झालं. डॉक्टरबाईंनी आधी औषध लिहिलं नाही, प्रश्न विचारले. शिंका नेमक्या कधी सुरू होतात? फुलं पडायच्या आधी की नंतर? गावाला गेलात की बरं वाटतं का? दिवाळीनंतर काय? आठवून आठवून सांगताना लक्षात आलं की शिंका गणपतीतच सुरू होतात आणि तेव्हा बुचाला कळीसुद्धा नसते. चार वर्षांत ही साधी गोष्ट कुठे लिहून ठेवली नव्हती.

मग त्वचेची चाचणी. हातावर पेनाने आकडे टाकतात, प्रत्येक आकड्याशी एकेका अर्काचा थेंब ठेवतात, टोचणीने वरवर टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटं थांबतात. शेजारी हिस्टामिनचाही एक थेंब असतो. तो सगळ्यांनाच फुगायला हवा, नाहीतर चाचणी फुकट. अस्मादिकांचा फुगला नाही. सकाळीच शिंकांची गोळी घेऊन गेले होते ना! अशी गोळी चाचणीच्या आठवडाभर आधी बंद ठेवावी लागते, आणि कोणती औषधं थांबवायची हे डॉक्टरांनाच विचारावं. दम्याची औषधं आपल्या मनाने बंद करणं म्हणजे पुन्हा रात्रीची रिक्षा. दुसऱ्या खेपेला गवत, अल्टरनेरिया आणि अ‍ॅस्परजिलस यांच्या जागी गांध्या उठल्या. तेवढ्यावरही बाई थांबल्या नाहीत. गांध उठली म्हणजे शरीराची त्या पदार्थाशी ओळख आहे एवढंच, त्रास त्याचाच आहे हे तारखांशी जुळल्यावर ठरतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत शिंकणाऱ्याने गवतापेक्षा निष्पर्ण होऊन फुललेल्या वावळाकडे बघावं. मोकळ्या जागेत गाजरगवत माजलं असेल तर त्याच्याकडे वर्षभर. १९५०च्या दशकात पुण्यात नजरेला आलेल्या या तणाने त्वचेचे रोगी तर दिलेच, नाकाचेही दिले.

एक धोका मात्र शिंकांच्या पलीकडचा. अ‍ॅस्परजिलसची अ‍ॅलर्जी दमेकऱ्याच्या फुफ्फुसात मुक्काम ठोकते तेव्हा खोकला, ताप, तपकिरी बेडका आणि एक्स-रेवर डाग दिसतात. आपल्याकडे असा डाग दिसला की पहिला संशय क्षयावर जातो आणि काहींना क्षयाची औषधं महिनोन्‌महिने मिळतात. थुंकीत जंतू सापडत नाहीत, औषधाने फरक नाही आणि जुना दमा आहे, अशा रोग्याने रक्तातलं आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीचं प्रतिद्रव्य, तपासायचं का, हे डॉक्टरांना विचारायला संकोच करू नये.

ज्यांची मुलं मेलबर्नला आहेत त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. २१ नोव्हेंबर २०१६ला तिथे संध्याकाळी वादळ आलं. राय गवताचे पराग ओलाव्याने फुटले, त्यांचे बारीक तुकडे फुफ्फुसात उतरले, हजारो लोक इस्पितळांत धावले आणि दहाजण दगावले. अनेकांना आधी दमा नव्हताच, नुसत्या मोसमी शिंका होत्या. भारतीय आणि आशियाई वंशाच्या लोकांना याची झळ जास्त बसली. तिथल्या वसंतात वादळाचा इशारा आला की खिडक्या लावून घरात बसायचं, हे फोनवर सांगून ठेवावं.

प्रस्तुत लेखकाच्या घरात त्यानंतर बदल झाले, थोडे उशिराने. आधी पाइप दुरुस्त झाला. गळती चालू ठेवून बुरशी पुसणं म्हणजे नळ उघडा ठेवून लादी पुसणं. डाग साबणाच्या पाण्याने ओला करून, एन-९५ मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून पुसला, तोही अस्मादिकांनी नव्हे, ज्याला अ‍ॅलर्जी नाही अशा भाच्याने. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आलं. घरातल्या हवेचा दमटपणा पन्नास टक्क्यांच्या खाली ठेवा असं पुस्तकात असतं. जुलैतल्या कोकणात हे वाचून हसू येईल, पण ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत न घालणं कुणालाही जमतं. बाहेरून आल्यावर तोंड आणि डोळे धुणं, रात्री केस धुऊन झोपणं, गवताच्या मोसमात सकाळी मागची खिडकी बंद, एवढ्यावर निम्मं भागतं.

उरलेलं नाकातल्या स्प्रेवर. तो रोज मारायचा, मोसमाच्या थोडा आधीपासून, आणि नळी मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला धरायची. घोळणा फुटण्याचं कारण बहुधा हीच चूक असते. नाक चटकन मोकळं करणारे थेंब मात्र तीन-चार दिवसांपलीकडे नकोत, नाहीतर नाक थेंबाशिवाय उघडेनासं होतं. "सीझनला एक टोचून घ्या" म्हणून मिळणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन अस्मादिकांनी दोनदा घेतलं होतं. शिंका थांबल्या, साखर वाढली. लंडनच्या लिओनार्ड नून यांनी १९११ साली गवताच्या परागाचा अर्क थोडाथोडा टोचून सहनशक्ती वाढवायची पद्धत मांडली, ती आजही चालते, पण ती तीन ते पाच वर्षांची शिस्त आहे आणि ती तज्ज्ञाच्याच हातून घ्यावी.

बुचाला यंदा नवे धुमारे आले आणि ऑक्टोबरात थोडी फुलंही पडली. परवा सेक्रेटरी एक अर्ज घेऊन वर आले. तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूंना शिंका येतात, झाड पुन्हा छाटायचं का, तुम्ही अनुभवी आहात तेव्हा सही करा. अस्मादिकांनी अर्ज उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर पट्टीने रकाने आखले: तारीख, वेळ, कुठे होतो, हवा कोरडी की दमट, काय साफ केलं. आणि तो तिसऱ्या मजल्यावर परत पाठवला.