जावेला माफ कर, पण परातीपुढं बसू नकोस

अगं, "वारी आली की हिचे हात बरे दुखायला लागतात," हे जाऊबाईंचं बोलणं काल पुन्हा सांगताना तुझा आवाज भरून आला. येणारच की! माऊलींची पालखी वेळापूरला मुक्कामी, घरोघर भाकरीच्या चळती लागलेल्या, आणि तुझी बोटं सकाळी मूठसुद्धा वळू देत नाहीत. आमवात लोकांना दिसत नाही गं. ना प्लास्टर, ना टाके. शरीराची राखण करणारी यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तू एकटीच गेली होतीस. घरात ते कुणाला कळलंच नाही. पुढच्या खेपेला जाऊबाईंनाच सोबत ने.

"सोडून दे, मन मोठं कर," असं आजारी बाईला सुनावणाऱ्यांची मला चीड येते. ज्या ज्ञानदेवांची ही पालखी, तेसुद्धा लोकांच्या बोलण्यानं दुखावून ताटी लावून बसले होते, असं आपण ऐकत आलोय. मुक्ताईनं त्यांना बाहेर बोलावलं, पण त्याआधी थोडं रुसू दिलं असेल, असं मला उगाच वाटतं.

एव्हरेट वर्दिंग्टन हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ माफीचाच अभ्यास करत आलेत. त्यांच्या स्वतःच्या आईचा खून झाला होता, म्हणजे हा माणूस नुसतं पुस्तकातलं बोलत नाही. ते दोन गोष्टी वेगळ्या धरतात: उट्टं काढायचं नाही असं ठरवणं, आणि मनातला कडवटपणा ओसरणं. पहिलं ठरवून होतं, दुसरं सावकाश. टोमण्याला टोमणा देत नाहीस, म्हणजे पहिलं तू कधीच केलंयस. दुसरं अजून झालं नाही म्हणून स्वतःला बोल लावू नकोस. पण रात्री तेच तेच उगाळत बसलीस की झोप उडते, आणि झोप उडाली की दुखणं दुप्पट वाटतं. एवढ्यासाठी तरी ते हळूहळू खाली ठेव.

माफीनं आमवात बरा होत नाही हं. मेथोट्रेक्सेट डॉक्टरांनी सांगितलेल्या वारीच, आठवड्यातून एकदाच घे. रोज घेतली तर जिवावर बेतेल.

खरं सांगू? जावेपेक्षा तू स्वतःच्या हातांवरच जास्त चिडलीयस. "मी घराला ओझं झाले," हे तुला कुणीच म्हटलेलं नाही, तूच म्हणतेस. ते आधी बंद कर.

फारच कोंडल्यासारखं झालं तर 14416 लाव. टेलिमानसची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि यंदा जाऊबाईंना आधीच सांगून टाक: "मी पंगतीत वाढीन, भाकऱ्या तुम्ही बघा." रागानं नको, पण ठामपणे सांग.