चार मागांचा वेळेचा हिशेब
(द्वितीय वर्ष कला)

वर्गात 'लघुउद्योग व वेळेचे नियोजन' हा विषय निघाला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पुस्तकाऐवजी इचलकरंजीतला आमचा चार मागांचा कारखाना उभा राहिला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मीच पहिला. परंतु वेळेचा हिशेब मी बाबांकडून शिकलो व बाबा मागाकडून शिकले. तो येथे मांडण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

साध्या यंत्रमागावर मिनिटाला १५० वेळा धोटा पळतो असे धरू. कापडात दर इंचाला ५० आडवे धागे असले, तर मिनिटाला ३ इंच, म्हणजे तासाला १८० इंच किंवा ५ वार कापड विणले जाते. चार माग तासभर बंद राहिले की २० वार कापड गेले! आम्ही खर्चीवाले; सूत व्यापाऱ्याचे, मजुरी आमची. मजुरी मिळते ती विणलेल्या कापडावर. माग थांबला म्हणून कर्जाचा हप्ता थांबत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी एक वही घातली. माग बंद पडला की वेळ व कारण लिहायचे. सगळा दोष विजेचा, अशी आमची समजूत होती. वही वेगळेच बोलली. बीम संपल्यावर दुसऱ्या बीमची, मग वहिफणीवाल्याची व जॉबरची वाट पाहण्यात अधिक वेळ जात होता. तेव्हापासून बीम संपत आला की सायझिंगला आधीच निरोप जातो, वहिफणीवाल्याला दिवस सांगितला जातो, कांड्या भरून ठेवल्या जातात आणि वीज गेली की तेलपाणी उरकले जाते. तहान लागल्यावर विहीर खणणे आम्ही सोडले, इतकेच.

गावाच्या वाढीचे मर्मही यातच आहे, असे मला वाटते. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला. संस्थानाधिपती नारायणराव घोरपडे यांचे त्यांना प्रोत्साहन होते. पुढे मागांच्या सोबतीने सायझिंग, सुटे भाग, दुरुस्ती, वाहतूक हे धंदे जवळजवळ वसले. मोडलेला भाग पेठेत तासाभरात मिळतो. एकट्या खेड्यात त्यासाठी दिवस मोडेल. म्हणून सायझिंगवाल्याने शब्द पाळला, तर त्याच्याबरोबर अनेकांचे माग चालतात. लहान धंद्यात शेजाऱ्याचा वेळ हा आपलाच वेळ असतो.

परंतु एक वेळ आमच्या वहीत मावेना. झालेल्या कामाच्या मजुरीसाठी बाबांना एका व्यापाऱ्याकडे वारंवार खेटे घालावे लागत. '२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत लहान उद्योजकाचे पैसे देण्याची मुदत, करार केला तरी, ४५ दिवसांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. उशीर झाल्यास व्याज द्यावे लागते,' हे मी बाबांना वाचून दाखविले. ते म्हणाले, "कायदा खरा रे, पण पुढचं सूत त्याच्याच दारातून यायचंय." या उत्तरावर मला अद्याप प्रत्युत्तर सापडलेले नाही. मात्र एकट्याला जे बोलवत नाही, ते दहा खर्चीवाले मिळून बोलू शकतील. बाबांनी आता आळीतल्या चौघांशी बोलणे सुरू केले आहे.

आणखी एक सांगणे अवश्य आहे. वेळ वाचविणे म्हणजे कामगाराच्या विसाव्याला कात्री लावणे नव्हे. रातपाळीत डोळे मिटू लागले की तुटलेला धागा दिसत नाही व कापड खराब होते. बचत करायची ती वाट पाहण्याची.

वही अजून चालू आहे. मी कॉलेजात असलो की धाकटी बहीण लिहिते. वाचलेल्या वेळात बाबा परवा प्रथमच नव्या कापडाचे नमुने पाहण्यास बाजारात गेले. इतकी वर्षे माग चालविण्यातच त्यांचा दिवस संपत असे. धंदा कोणीकडे चालला आहे हे पाहण्यास सवड नव्हती. लहान कारखानदाराला वेळ हवा असतो तो यासाठी.