बेगमी, पण बेतानं

७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली. त्यात मध्य प्रदेशातली पाच शहरं होती आणि त्यांतलं एक आमचं ग्वाल्हेर. महाराजपुऱ्याचा हवाई तळ गावाला लागून, त्यामुळे इथं धास्ती जरा जास्तच होती. आमच्या जयेंद्रगंजहून दाल बाजार जवळ. त्या दिवसांत आमच्या घरात तयार आट्याचे कट्टे, रवा, मैदा, बेसन असं सगळं एकदमच येऊन पडलं. १० मे ला भारत-पाकिस्तान शस्त्रसंधी झाली, सामान तसंच राहिलं. पावसाळा लागला तशा रव्याला जाळ्या धरल्या, आट्यात अळ्या झाल्या. चाळून उन्हात घालूनही वास जाईना, तेव्हा ते गुरांना गेलं. आणि त्या सगळ्या गडबडीत सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची शेवटची पट्टी उरली आहे, इकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

म्हणून कळकळीनं सांगते. साठा करायलाच हवा, पण तो भीतीच्या दिवशी होत नाही. २४ मार्च २०२० ला रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्रीपासून २१ दिवस लागू झाली. चार तासांत माणूस काय काय आणणार?

दळलेलं टिकत नाही, अख्खं टिकतं. आमच्याकडे चैत्र-वैशाखात नवा गहू येतो. तो गच्चीवर दोन-तीन कडक उन्हं खाऊ द्यायचा, संध्याकाळी पूर्ण निवू द्यायचा आणि मगच कोठीत भरायचा. गरम गहू भरला की आत घाम धरतो आणि तिथूनच सोंडे लागायला सुरुवात होते. हाताला एरंडेल लावून गहू चोळायचा, थराथरात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायचा. तूरडाळीलाही एरंडेलाचा हात चालतो. दळण मात्र आठ-दहा दिवसांपुरतंच.

एक गोष्ट हात जोडून सांगते. गव्हात किडीसाठी सल्फासच्या गोळ्या टाकू नका. ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. ज्या खोलीत कोठी, तिथंच मुलं निजतात. या वायूनं जीव गेलेले आहेत आणि त्यावर उतारा नाही.

वर्षाचा गहू सगळ्यांना परवडत नाही, जागाही नसते. तसं असेल तर महिन्याच्या यादीत एकच जिन्नस जास्तीचा लिहा. एका महिन्यात दोन किलो मूगडाळ, पुढच्या महिन्यात तांदूळ, मग मोहरीच्या तेलाची एक पिशवी, मग मीठ, गूळ, साखर. वर्ष सरेपर्यंत तीन-चार आठवड्यांची सोय होते आणि खिशाला कळतही नाही. डब्यावर चिकटपट्टी लावून आणल्याची तारीख घाला. सासूबाईंचा नेम आहे, ‘आधी जुनं संपव, मग नवं फोड.’ घरात जे एरवी खात नाहीत ते साठवू नका, संकटात मुलं ते तोंडातही घालत नाहीत. चूल न पेटवता खाता येईल असंही काही हवं: सातूचं पीठ, फुटाणे, शेंगदाणे, चुरमुरे, गूळ. भरलेला एक सिलिंडर नेहमी बाजूला असू द्या.

धान्याआधी मात्र पाणी. ३० जुलै २०१२ ला पहाटे अडीचच्या सुमाराला बीना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची वीजवाहिनी बंद पडली आणि पाठोपाठ सगळ्या उत्तर भारताची वीज गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वीज गेली की बोअरची मोटर बंद, मोटर बंद की गच्चीवरची टाकी किती वेळ पुरणार? तिघरा धरणात पाणी कमी असलं की नळालाही एक दिवसाआड पाणी येतं. माणशी रोज तीन लिटर नुसतं पिण्याला धरा. पाच माणसांना तीन दिवसांचं पंचेचाळीस लिटर होतं, म्हणजे वीस लिटरचे झाकणाचे तीन जार. आमच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा, त्याहून जास्त धरा. नळ आला की शिळं पाणी झाडांना घालून जार पुन्हा भरायचे.

औषधांचं तसंच. रोजची गोळी असणाऱ्यानं पंधरा दिवसांची पुढची पट्टी हाताशी ठेवावी, इन्सुलिन असेल तर वीज गेल्यावर ते गार कुठं ठेवायचं हे आधीच ठरवावं. जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे प्रमाण स्वयंपाकघराच्या दाराआड लिहून लावा.

हळूहळू साठवण्याचं आणखी एक कारण आहे आणि मला ते सगळ्यांत मोठं वाटतं. आपण एका दिवसात कट्टे उचलले की दुकानात भाव चढतो आणि संध्याकाळी मजुरी हातात घेऊन येणाऱ्या बाईला पाव किलो डाळही मिळत नाही. ज्याच्याकडे थोडं आहे त्यानं त्या दिवशी बाजारात जाऊच नये.

या महिन्यात धान्याला हात लावू नका. आधी पाण्याचे जार आणा आणि घरातल्या औषधांची यादी करा.