मुखवटा रंगवायला देताना

अगं, परवा तुझा सेलूहून फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते, म्हणून धड बोलता आलं नाही. पण तुझा प्रश्न दिवसभर डोक्यात राहिला. "ताई, सासूबाईंनी यंदापासून महालक्ष्म्यांचं सगळं माझ्या हाती दिलंय. पण मोठीच्या गालाचे पोपडे निघालेत, धाकटीची एक भुवई पुसलीय. नवे मुखवटे आणू, की हेच रंगवून घेऊ?" आज निवांत आहे, तर बैस जरा आणि ऐक.

आतला शाडू तडकलेला नसेल, तर रंगवूनच घे. नवे मुखवटे मिळायला अडचण काहीच नाही. श्रावण लागला की आपल्या परभणीच्या बाजारातसुद्धा शाडूचे, प्लास्टरचे, फायबरचे, पितळी असे हवे तेवढे जोड मांडलेले असतात. पण तुझ्या सासूबाई ज्या दोन चेहऱ्यांपुढे इतकी वर्षं सोळा भाज्यांचं आणि पुरणाचं ताट वाढत आल्या, ते चेहरे त्यांच्या ओळखीचे आहेत. रंग नवा होऊ दे, ओळख जुनीच राहू दे. कारागिराशी जे काही बोलशील, ते हे मनात धरून बोल.

हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून माझ्या हातून चूक झाली. लग्नानंतरच्या पाचव्या-सहाव्या वर्षीची गोष्ट. गणपती चार दिवसांवर आले होते. एका कारागिराकडे मुखवटे नेले, म्हटलं, "छान रंगवून द्या," आणि आले निघून. त्याच्याकडे पाऊल ठेवायला जागा नव्हती, इतके गणपती वाळत होते. दोन दिवसांनी मुखवटे मिळाले. गुलाबी गोरा रंग, घारे डोळे, चिकटवलेल्या पापण्या, ओठांवर चकचकीत लाल. देखणे होते गं, पण आमचे नव्हते. सासूबाईंनी मोठीला मांडीवर घेतलं आणि नथ घालायला बोटाने भोक चाचपलं. ते रंगाने बुजलं होतं. सुईने मोकळं करायला गेल्या, तर नाकपुडीजवळचा रंगच टवका होऊन निघाला. त्या वर्षी नथ दोऱ्याने बांधून तीन दिवस काढले. सासूबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, म्हणून तर जास्त लागलं. त्या कारागिराला मी दोष देत नाही. काय हवं ते मी त्याला सांगितलंच कुठे होतं?

शिकले ते आपल्या पुण्याच्या भाचीकडून. तिच्याकडे ती जपानी धाटणीची बाहुली आहे बघ, सांध्यासांध्यात गोळे आणि आतून इलॅस्टिक ओवलेली, म्हणून माणसासारखी बसते, मान कलती करते. क्योटोच्या व्होल्क्स कंपनीने 1999 मध्ये 'सुपर डॉल्फी' बाजारात आणली, तेव्हापासून या बाहुल्यांचं वेड जगभर पसरलं. त्यांचा चेहरा पुसून पुन्हा रंगवता येतो, आणि तेवढंच काम करणारे कलाकार असतात. भाचीने बाहुलीचं फक्त डोकं काढलं, कापसात गुंडाळलं आणि कुरिअरने पाठवलं. धड घरीच. मला एकदम आपल्या महालक्ष्म्या आठवल्या. आपणही धडाच्या कोठ्या घरी ठेवतो आणि नुसते मुखवटे रंगवायला नेतो की! त्या डोक्यासोबत तिने एक कागद ठेवला होता. चेहरा कसा हवा, भुवया किती जाड, आणि खाली ठळक अक्षरात, काय अजिबात नको. वीस-बावीस वर्षांच्या पोरीला जे सुचलं, ते मला सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून मीही कागद करते. तूही कर.

कागदाच्या आधी वेळ ठरव. महालक्ष्म्या अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठेवर जेवतात आणि मूळावर जातात, म्हणजे गणपती बसल्यावर दोन-चार दिवसांतच सगळं आलं. 2025 मध्ये गणपती 27 ऑगस्टला बसले आणि 31 तारखेला महालक्ष्म्या आल्या. आषाढापासून कारागिराचे हात गणपतीत गुंतलेले असतात आणि हवेत ओल असते, एक हात वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. म्हणून अक्षय तृतीया झाली की मुखवटे ने. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे. रंग सावलीत खडखडीत वाळतो आणि कारागीरही दोन शब्द ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत असतो.

नेण्याआधी फोटो काढ. समोरून, दोन्ही बाजूंनी, दिवसाच्या उजेडात, दागिने न घालता. एकदा पॉलिश पेपर फिरला की जुनी रेघ कुठे होती, हे कोणालाच सांगता येत नाही. घरात जुना, रंग चांगला असतानाचा फोटो सापडला तर तोही छापून घे. आणि सासूबाईंना जवळ बसवून विचार, "यांचं काय बदललेलं तुम्हाला चालणार नाही?" माझ्या सासूबाईंनी दोनच गोष्टी सांगितल्या. मोठीच्या हनुवटीवरचा तीळ आणि धाकटीच्या ओठांच्या कोपऱ्यातलं हसू. तीस वर्षांत मला ते हसू दिसलंच नव्हतं. विचारलं म्हणून दिसलं.

अंगाच्या रंगाचं नीट बोल. नुसतं "स्किन कलर" म्हटलंस, तर हल्ली गनने फिका गुलाबी मारून देतात. आमच्या महालक्ष्म्या हळदीच्या उटण्याने न्हाल्यासारख्या पिवळसर आहेत. तुमच्या कशा आहेत, ते पुसट झालेल्या गालावर बघू नकोस, कानामागे बघ. तिथे हात लागत नाही, ऊन लागत नाही, मूळ रंग तिथे शिल्लक असतो. तोच कारागिराला दाखव. आणि बाई, गोरं म्हणजे सुंदर असं मनात असेल, तर ते घरीच ठेवून जा.

सगळ्यात जास्त जपायचं ते डोळ्यांना. मूर्तिकार त्याला आखणी म्हणतात, आणि ती शेवटी, जाणत्या हातानेच होते. बंगालमध्ये कुमारटुलीचे मूर्तिकार दुर्गेचे डोळे महालयेच्या दिवशी रेखायची रीत पाळतात, त्याला चोक्खुदान म्हणतात, डोळ्यांचं दान. कारागिराला विचार, आखणी कोण करणार? आणि त्या दिवशी तिथे हजर राहा. आपल्या महालक्ष्म्या कोठीवर उभ्या राहिल्या की किती उंच होतात, तेही सांग. बुबुळ अगदी मधोमध काढलं तर पाटावर बसून ओटी भरणाऱ्या बाईच्या डोक्यावरून नजर जाते. किंचित खाली उतरवलं की ती तुझ्याकडे बघते.

दुसऱ्या खेपेला मी वेगळ्या कारागिराकडे गेले होते. म्हातारे गृहस्थ. त्यांनी दोन्ही मुखवटे शेजारी शेजारी ठेवले. मोठीचा उजवा डोळा, लगेच धाकटीचा उजवा, मग दोघींचे डावे, म्हणजे जोड जमतो. करंगळी गालावर टेकवलेली, ब्रश केसासारखा बारीक. वरच्या पापणीची रेघ ओढताना त्यांनी श्वास धरला, आणि खरं सांगते, मीही धरला. रेघ कानाकडे जाऊन सुटली, तेव्हा पत्र्यावर पावसाचे पहिले थेंब पडत होते. मुखवटा माझ्याकडे फिरवून ते म्हणाले, "बघा, ह्याच का?" ह्याच होत्या.

आता बारीकसारीक. नथीच्या आणि कानाच्या भोकांत रंगकाम संपेपर्यंत काडी घालून ठेवायला सांग. शेवटचा हात मॅट वॉर्निशचा मागून घे. चकचकीत वॉर्निशने लायटिंगमध्ये चेहरा घामेजल्यासारखा दिसतो, आणि वॉर्निश मुळीच नसेल तर हळद-कुंकवाच्या ओल्या बोटाला पाण्याचा रंग सुटून येतो. पैसे आधी ठरव, इसार दे, आणि ठरल्यावर घासाघीस करू नकोस. डोळा रेखणाऱ्या हाताची किंमत मिनिटांत मोजू नये. आखणीच्या आधी काही खटकलं तर तिथल्या तिथे, गोड शब्दांत सांग. अंगरंग बदलता येतो, डोळे झाल्यावर सगळंच पुन्हा करावं लागतं.

घरी आल्यावर वर्तमानपत्रात गुंडाळू नकोस, शाई उमटते. प्लास्टिकच्या पिशवीतही नको, आत दमट होतं. जुन्या धुतलेल्या सुती साडीचे तुकडे घे आणि दोघींना वेगवेगळं गुंडाळ. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नकोस, कपाटात ठेव. पुसायचे तेव्हा कोरड्या, मऊ फडक्याने. शाडू पाणी पितो.

एवढं सगळं केल्यावर काय मिळतं, ते सांगते. त्या दुसऱ्या खेपेच्या वर्षी आवाहनाच्या संध्याकाळी सासूबाईंनी मोठीला पुन्हा मांडीवर घेतलं. त्यांना तेव्हा दिसायचं कमी झालं होतं. हनुवटीवर अंगठा फिरवला, तिळावर थांबल्या, आणि नथ हातात घेऊन न बघता घातली. एका झटक्यात बसली. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चल, फुलोरा बांधायचाय अजून."

यंदा वैशाखात ये. मी सोबत येईन कारागिराकडे. दोघींना ओटीत धरून आण, फोटो आण, कागद आण. आणि नथ विसरू नकोस. निघायच्या आधी तिथेच घालून बघू.